चार अक्षरांचा पासवर्ड

सोमवार, ७ जुलै

अडलं! फाइल उतरवली, दोनदा क्लिक केलं, आणि मध्येच खिडकी उघडली – बद्रीनाथ यांचा पासवर्ड टाका. म्हणजे यांचा. कॉम्प्युटरचे मालक हे. माझं खातं यांनीच काढून दिलेलं, त्यातून नवीन काही बसवता येत नाही. आणि हे जानेवारीपासून बोलत नाहीत. मज्जातंतूंचा आजार. हातपाय त्याआधीच गेले. राहिलेत डोळे – एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही.

सॉफ्टवेअर त्यासाठीच. नजर ज्या अक्षरावर थांबेल ते कॉम्प्युटर टिपणार आणि वाक्य मोठ्यानं बोलणार.

२१ तारखेला यांच्या गळ्याला भोक पाडून नळी घालायचीय. मग श्वासाचं यंत्र, कायमचं. शेफाली नागपूरहून रोज फोन करते – आई, ऑपरेशनच्या आधी ते बसलंच पाहिजे. लेकीचं खरं आहे.

मंगळवार, ८ जुलै

बुधवार पेठेतल्या पोपटरावांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. म्हणाले, पासवर्ड नसेल तर सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल. यांनी हात चालत होते तोवर लिहिलेल्या आठवणी आहेत त्यात – पाणीपुरवठा खात्यातली तीस वर्षं. नाही म्हटलं. "मग मालकांनाच विचारा की," म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

बुधवार, ९ जुलै

पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरं लिहिली. एकेकावर बोट ठेवत गेले, हवं तिथं हे डोळे मिटत होते. चार अक्षरांना पाऊण तास.

N A K O.

पासवर्ड म्हणून 'नको'! साहेबांच्या फायलींवर तिरकस शेरे मारणारा माणूस, ठेवलाही असेल. टाकला. चुकीचा.

गुरुवार, १० जुलै

मोठ्या लिपीत, छोट्या लिपीत, सगळं करून पाहिलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तीच चार. चुकीचा.

शुक्रवार, ११ जुलै

आज ओरडले यांच्यावर. आठवत नसेल तर तसं सांगा, माझा छळ का मांडलाय, म्हणाले. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं यांच्या. स्वतःचं पुसताही येत नाही. मी पुसलं. लिहायलाही लाज वाटते.

शनिवार, १२ जुलै

ती चार अक्षरं चिठ्ठीवर लिहून पुन्हा पोपटरावांकडे. या वेळी यांच्या आजाराचं सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढून ठेवला.

"काकू, हा पासवर्ड नाही. ते तुम्हाला काहीतरी सांगतायत."

कोथरूडची बस पकडली. घरी आल्यावर यांच्यासमोर बसले. सॉफ्टवेअर नको? दोनदा मिटले. ही खोली नको? दोनदा. सांभाळायला येणारी दिवसाची बाई नको? दोनदा.

"गळ्याची नळी नको?"

एकदा मिटले. मिटलेलेच ठेवले.

सहा महिने मी हो-नाही विचारतेय. पाणी देऊ? पंखा लावू? कूस बदलू? हे विचारलंच नाही. डॉक्टरांना विचारलं, शेफालीला विचारलं. यांना नाही!

रविवार, १३ जुलै

शेफालीला सांगितलं. म्हणाली, त्यांना कळत नाहीये आई, घाबरलेत ते, तू सही करून टाक. मी म्हटलं, नळीशिवाय किती दिवस, ते यांच्यासमोरच डॉक्टरांनी सांगितलंय. ऐकून बसलेत ते.

"तू बाबांना मरू देणारेस?"

फोन तिनंच ठेवला.

रात्री यांना पुन्हा विचारलं. तीनदा. तिन्ही वेळा तेच.

सोमवार, १४ जुलै

हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. यांच्यासमोरच बसून केला, ऐकू जाईल असा.

ठेवल्यावर यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. मी बोट ठेवत गेले. अकरा अक्षरं, कुठंही न अडखळता. कॉम्प्युटरवर टाकली.

बरोबर!