पिठातली शाळा

अव्वा, माझे आई, आज आपल्या कॉलेजात जाऊन आले. आपल्या म्हणते, कारण कोनशिलेवर ज्यांची नावं आहेत त्यांच्यातल्या एकानंही तुझी भाकरी खाल्लेली नाही. इमारतीकडं वर बघता बघता मान अवघडली. पार परंड्याकडून आलेली पोरंपोरी पायऱ्यांवर बसून मोठमोठ्यानं वाचत होती, आणि कुणीही दाराकडं बघत नव्हतं. मी त्यांच्या त्या बिनधास्तपणाकडंच बघत राहिले.

निजामाच्या अमलात सरकारी शाळा उर्दू, आणि तीही लांब. सोलापूरहून आलेल्या मास्तरांनी देवळाच्या ओवरीत मराठी शाळा काढली, तर परवानगी नाही म्हणून अमिनानं, म्हणजे पोलिसांच्या साहेबानं, कुलूप ठोकलं. पुन्हा भरवली तर तुरुंग. मास्तर सोलापूरला परत निघाले, वळकटी काखेत मारून निरोप घ्यायला आपल्या दारात आले. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "शाळंला परवानगी लागती, व्हय? मग लेकरं जेवाय घालायला कुणाची लागती?"

आल्यागेल्याला जेवू घालायचा दासोह आपल्या घरी होताच. दुसऱ्या दिवसापासून लेकरांची पंगत बसली. प्रत्येकाच्या ताटात ज्वारीच्या पिठाचा पातळ थर, त्यात बोटानं अक्षर गिरवायचं. मास्तर वाढप्यासारखे रांगेतून फिरायचे. धडा संपला की पीठ परातीत, आणि त्याच्याच भाकरी. विद्या पोटात जाते म्हणतात, ती आमच्या अशी रोज जायची. एकदा मी तुझं नाव लिहिलं. मास्तरांनी ते वाचून दाखवलं, तशी तू लाजलीस. मग हळूच म्हणालीस, "माजं नगं लिहूस बाई. पुसावं लागंल."

आणि एक दिवस अमीन आलाच. घोडा अंगणात थांबतोय तोवर तू पीठ परातीत ओतून घेतेस, पदरानं ताटं पुसतेस, आमटी वाढतेस. "बसा सायब, जेवून जावा," तू म्हणतेस. तो बूट काढून माझ्या शेजारी बसला. माझ्या ताटाच्या काठाला पिठात अर्धा 'क' राहिला होता. त्यानं तो पाहिला. मास्तरांच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. अमीन पोटभर जेवला, हात धुतले आणि म्हणाला, "अम्मा, खाना अच्छा है. मगर थालियाँ जरा बराबर पोंछो." तो गेला, आणि पुन्हा कधी आला नाही.

निजामाचं राज्य गेलं आणि ती पंगत उघड्यावर शाळा म्हणून भरली. मग हायस्कूल. त्याच्या भिंतींसाठी सोलापूरच्या बाजारातून रिकाम्या परतणाऱ्या बैलगाड्या दगड घेऊन यायच्या. तू गेलीस तेव्हा त्या भिंती कमरेइतक्याच होत्या. कॉलेज नंतरचं. एवढा सगळा पसारा तुझ्या एका परातीतून उभा राहिला, अव्वा, हे या वयातही माझ्या डोक्यात मावत नाही.

दुपारी तिथल्या कॅन्टीनमध्ये भाकरी खाल्ली. आपलं ताट आपण धुवायचं, असा तिथं नियम आहे. भाकरीचं पीठ ताटात सांडलं होतं, त्यात बोटानं तुझं नाव लिहिलं. तुला वाचता येत नव्हतं, आणि पत्र पाठवू तरी कुठं? पण एक सांगते. नियम माहीत असूनही आज मी ताट न धुताच उठले.