चिठ्ठीत निघालेला खांब

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या विद्यार्थ्यांतलेही काही गेले. मी तिसऱ्या बाकावर बसायचे, घाटकोपरहून यायचे, आणि एकदा सगळ्या वर्गासमोर तुम्ही मला मूठ उघडायला लावली होती. एवढ्यावरून ओळख पटावी. आता मी मुलुंडला राहते, आमच्या इमारतीची सेक्रेटरी आहे. त्याआधी सगळी नोकरी औषधाच्या कारखान्यात, गोळ्यांचे नमुने तपासण्यात गेली. मला घाबरट असं कोणी म्हटलेलं नाही. लोक उलटच म्हणतात. पण गेले चार दिवस मी माझ्याच स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून वावरते आहे, आणि त्याचं कारण फार समजावून न सांगता कळेल असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा आठवत नाही.

इमारत जुनी झाली म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागलं. इंजिनिअर म्हणून एक तरुण मुलगी आली. काँक्रीट किती पक्कं राहिलं आहे ते बघायला खांबातून मशीनने एक गोल तुकडा कापून काढतात आणि प्रयोगशाळेत तो दाबून फोडतात. सगळेच खांब काही असे कापता येत नाहीत. म्हणून तिने खांबांना नंबर दिले, चिठ्ठ्या टाकल्या आणि सहा उचलले. ते बघून मला बरं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. पण त्या सहांतले चार लोकांच्या घरांत निघाले. पहिल्या मजल्यावरची म्हणाली, "ओ काकू, आत्ताच टाइल्स लावल्यात, त्यात होल मारणार? पार्किंगमधला घ्या ना. खांब तो खांब." दुसऱ्याने दारच उघडलं नाही. तिसऱ्याकडे लग्न होतं. आणि चौथा खांब माझ्या ओट्याशेजारचा. दिवाळीत नव्या ट्रॉली बसवल्या होत्या, त्यातली एक उखडावी लागली असती. मी त्या मुलीला म्हटलं, "सगळेच खालचे घे." ती म्हणाली, "काकू, पार्किंगमधल्या खांबांची दोन वर्षांपूर्वी दुरुस्ती झालीय. ते चांगलेच येणार." "मग बरंच आहे की," मी म्हटलं. सर, हे मी म्हटलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "ठीक आहे. रिपोर्टमध्ये मी 'सोसायटीने दाखवलेले खांब' असं लिहिते."

तुमचा संख्याशास्त्राचा तो तास आठवतो. टेबलावर चिंचोक्यांची पिशवी आहे, त्यातल्या काहींना तुम्ही घरी बसून पांढरा रंग लावला आहे. एकेकाने यायचं, न बघता तीस चिंचोके काढायचे, पांढरे मोजायचे, फळ्यावर आपल्या आकड्यावर एक फुली मारायची, आणि मग सगळे परत टाकायचे. आठ, नऊ, दहा यांच्यावर फुल्यांचा ढीग चढत जातो, कडेला उतरत जातो. माझ्या हातात पांढरे तीनच. माझी फुली एकटी पडणार म्हणून मी आठवर मारते. तुम्ही शेजारीच उभे आहात. "मूठ उघड," तुम्ही म्हणता. मग विचारता, "तीन का नाही सांगितलेस?" "सर, तीन चुकीचं वाटलं." "चिंचोके चुकत नाहीत. तू चुकलीस. नको ते नमुने लपवलेस की फळ्यावर खोटा ढीग उभा राहतो, आणि त्यावर विसंबणारं कोणीतरी असतं." मग तुम्ही प्रत्येकाला आपल्या आकड्याभोवती कॉन्फिडन्स इंटरव्हल काढायला लावता, खरं उत्तर ज्यात असावं अशी पट्टी. आम्ही साठजण. तुम्ही म्हणता, तिघाचौघांची पट्टी खऱ्या उत्तराला चुकणार, आणि आपलीच चुकली हे त्यांना कळणार नाही. वर्ग हसतो. मी हसत नाही, कारण माझे कान अजून तापलेले आहेत.

रिपोर्ट आला. सहाही खांबांची सरासरी मर्यादेच्या जेमतेम वर. चेअरमन म्हणाले, "झकास. पास झालो. पेढे तुमच्याकडून, मॅडम." मी म्हटलं, सरासरी पास आहे. "तेच ते. पास म्हणजे पास. तुमचं कॉलेज आता राहू द्या." मी घरी येऊन रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टी काढली. सहाच आकडे, म्हणून ती ही एवढी रुंद. खालचं टोक मर्यादेच्या बरंच खाली. तेही दुरुस्त केलेल्या खांबांचं. घरांतल्या खांबांबद्दल ती पट्टी काहीच सांगत नाही, कारण त्यांना मी चिठ्ठीतून बाहेर काढलं. आणि इमारत काही सरासरीवर उभी नसते. चिंचोके तुम्ही रंगवले होते, म्हणून खरं उत्तर निदान तुम्हाला ठाऊक होतं. इथे ते कोणालाच ठाऊक नाही, आणि वरखाली बत्तीस घरं स्वयंपाक करताहेत.

चार दिवसांपूर्वी कुकर काढायला ट्रॉली ओढली तर भांड्यांवर सिमेंटचा चुरा. मागे टॉर्च मारला. खांबावर उभी भेग, तिच्या कडेने गंजाचा तांबडा ओघळ. तेव्हापासून मी येताजाता खांबाला हात लावते. आमचे हे विचारतात, "ताप आहे का गं त्याला?" मी हसत नाही म्हटल्यावर त्यांनीही विचारणं सोडलं. वरच्या मजल्यावर कोणी पाटा जरी ठेवला तरी मी ओट्यापासून मागे सरते. कणीक मळताना माझे हात थांबतात.

आज दुपारी मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, माझ्या घरातला खांब काप, ट्रॉली मी काढून ठेवते. ती उद्या दहाला येते आहे.

हे पत्र कोणाला दाखवणार नाही, म्हणून सांगते. तो खांब नापास झाला तर काय करायचं ते मला माहीत आहे. रविवारच्या सभेत उभी राहीन, घरं रिकामी करा म्हणेन, लोकांचं ऐकून घेईन. त्याची मला भीती नाही. भीती ही आहे की तो पास होईल, आणि मग उरलेल्या तीन दारांच्या बेल मी वाजवणार नाही.