दादाचा डोळा

रविवार, संध्याकाळ

सांगून टाकलं आज. बरं केलं की वाईट, कळत नाहीये.

दुपारी सिल्व्हर पार्कला बाबांकडे जेवायला गेले होते. दादाचा विषय निघाला आणि बाबा नेहमीचंच बोलले, "स्वतःच्या हाताने डोळा घालवला त्याने."

तेव्हा मी दहा वर्षांची, दादा चौदाचा. गॅलरीत आमची प्रयोगशाळा होती. उघडलेला रेडिओ, सोल्डरिंगचा धूर आणि दादाने कसलीशी पावडर भरून ठेवलेली हिरवी बाटली. दादा म्हणाला होता, "हिला हात लावू नकोस." त्याची पाठ वळताच मी बाटलीत ॲसिड ओतलं. ती फसफसायला लागली, तसा मला मागे ढकलायला तो धावला. बाटली त्याच्याच तोंडावर फुटली, एक डोळा गेला. बाबांना मात्र म्हणाला, "मीच ओतलं." बाबांनी त्याला पुढे सायन्स घेऊ दिलं नाही.

मी केमिस्ट्री शिकवते. हिरवी बाटली दिसली की अजून ती कपाटात मागे सरकवते. वर्गातल्या मुली कारण विचारतात, त्यांना काय सांगणार?

आज बाबांना म्हटलं, "ओतलं मी होतं." ते ताटावरून उठले, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

तशीच रिक्षाने काशीमीऱ्याला गेले. दादा तिथे गॅरेजमध्ये ट्रकचं वायरिंग करतो. वाटलं होतं, बाबांना खरं सांगितलं हे ऐकून त्याला हलकं वाटेल. तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"एवढी एकच गोष्ट चांगली केली होती मी, सुमे," तो म्हणाला. "तीही ठेवली नाहीस."