निमित्त नसलेला फ्लेक्स

५ नोव्हेंबर

इस्माईल चाचाला तोंडावर 'नाही' म्हणून आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा! निवडणूक जवळ आलेली, महाडच्या त्याच्या दुकानात फ्लेक्सच्या ऑर्डरींचा ढीग, आणि डिझायनर चालली डोंगरावर. तो म्हणाला, चित्रंच काढायचीत ना, मग इथे काय काढतेस? मी म्हणाले, इथे मी चित्रं काढत नाही चाचा, माणसं गोरी करते. अम्मी मध्ये पडली म्हणून बरं.

तर ही कुडपणची खोली. गोमाजींच्या घराची बाजूची पडवी, बाहेर पठार, आणि वारा असा की दार लावायला खांदा लागतो. महिनाभर इथे. मुंबईच्या एका संस्थेने पाच डिजिटल चित्रकार पाच गावांत पाठवलेत. रेसिडेन्सी! शेवटी मुंबईत प्रदर्शन, प्रत्येकाचं एकच मोठं चित्र. अम्मीला वाटतं कोर्स आहे. चाचाला वाटतं नखरा आहे. मला हवंय एक चित्र — एक तरी असं, जे कुणी सांगितलं म्हणून काढलेलं नाही. नाही जमलं तर मुकाट दुकानात परत, आणि पुन्हा कधी तोंड उघडायचं नाही. लिहूनच ठेवते, म्हणजे नंतर पळवाट नको.

७ नोव्हेंबर

पठार काढलं. कॅलेंडर झालं. पुसलं.

८ नोव्हेंबर

पुन्हा पठार. पुन्हा कॅलेंडर! हाताला खोड लागलीय. पेन टेकवलं की हात विचारतो — साइज काय? वर कुणाचा फोटो? कधी हवंय? लाईट दुपारी गेली ती आलीच नाही. टॅबलेट बंद पडला. मला बरंच वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून राग आला.

१० नोव्हेंबर

शेजारी ठमाबाई राहते. सत्तरी कधीच उलटलेली, घरात एकटी. मुलगा किशोर मुंबईला, तीन गणपती झाले, आलेला नाही. 'कामाला हाय तो,' एवढंच सांगते आणि विषय बदलते. मी टॅबलेट घेऊन तिच्या अंगणात गेले तर बाईने आधी अंगठाच पुढे केला. रेशनकार्डवाली समजली मला! अंगठा नको, तोंड हवंय म्हटलं. तोंडाचं काय मिळतं, विचारलंन. काहीच नाही म्हटल्यावर बसली.

दोन तास काढलं. तिला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "ही कोन गो? आमची येहीन काय?" तिची विहीण कल्याणला असते, गोरीपान.

मी नीट पाहिलं आणि पेन फेकून द्यावंसं वाटलं. गोरी केली होती! न विचारता, न कळता. गालांवरच्या सुरकुत्या गायब, नाक सरळ, ओठ गुलाबी. दुकानात त्यासाठी मी तीन बटणं बनवून ठेवलीत, तीच या टॅबलेटवरही आहेत. साधा गोरा, जास्त गोरा आणि अध्यक्ष गोरा. इच्छुक उमेदवार येतो, सावळा, चांगला दिसणारा माणूस, आणि म्हणतो, जरा बघा ना ताई. मी बघते. आज बटण दाबलंसुद्धा नाही. बटण माझ्या मनगटातच आहे.

११ नोव्हेंबर

तिन्ही बटणं काढून टाकली. कायमची. चाचाला कळलं तर घरात घेणार नाही. नको घेऊ दे.

१३ नोव्हेंबर

आज काय झालं ते लिहिता येईल की नाही माहीत नाही.

सकाळी बसले ते ठमाबाईच्या डाव्या गालापासून. ठरवलं होतं, एकही रेघ पुसायची नाही. आणि ती रेघ डोळ्याच्या कोपऱ्यातून निघून कानापर्यंत गेली, तिला फाटे फुटले, एक फाटा हनुवटीकडे वळला. मी तिच्या मागे मागे जात होते. काळा नाहीच तो रंग! आत तांबूस आहे, कानाजवळ जांभळा, कपाळावर उन्हाने तपकिरी चमकतो. अकरा वर्षं मी हे सगळं एका बटणाने घालवत होते. गोमाजींच्या घरचा चहा निवून साय धरली. कुणीतरी मोठ्याने हसलं म्हणून दचकले, तर मीच हसत होते.

मला आनंद झाला. एवढंच आहे. कुणी मागितलेलं नव्हतं, कुणाला द्यायचं नव्हतं, आणि थांबावंसं वाटत नव्हतं.

संध्याकाळी ठमाबाईला दाखवलं. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं, चित्र मोठं होत होत नुसतं नाकच राहिलं. म्हणाली, केवढा गो नाक माझा! मग बोट काढलं, पूर्ण चेहरा आला आणि तिने पदराने तोंड पुसलं. चित्राचं नाही, स्वतःचं.

१५ नोव्हेंबर

संस्थेची श्रुतिका येऊन गेली. स्वभावाने चांगली आहे, हीच अडचण. चित्र बघून खरंच खूश झाली. मग म्हणाली, फक्त रंग थोडे शांत कर, मातीचे. छान कागदावर छापू, लहान आकारात. आणि जाता जाता अगदी प्रेमाने — "तो फ्लेक्सचा हात आता विसर."

मातीचे? कुडपणची माती लालभडक आहे बाई! ठमाबाईचं लुगडं पोपटी, चोळी राणी रंगाची, दाराला निळा ऑइलपेंट आणि अंगणभर झेंडू — दसऱ्यासाठी लावलेला, अजून फुलतोय. शांत रंग या गावात कुणाकडे असतील तर ते श्रुतिकाच्या कुर्त्यावर होते. आणि हात कसा विसरू? माझ्याकडे दुसरा नाही. या हाताने महाडपासून पोलादपूरपर्यंतचा रस्ता भरलाय. त्याची मला लाज होती, आज नाही वाटली.

तिला तोंडावर काही बोलले नाही. बघते म्हणाले. इथे लिहिते — लहान नाही. मोठं. कागद नाही. फ्लेक्स. दहा बाय आठ. आणि मुंबईच्या आधी कुडपणच्या फाट्यावर लागेल!

१७ नोव्हेंबर

ठमाबाईला विचारलं, तुझा फोटो फाट्यावर लावू का, पुढाऱ्यांसारखा? तिला हसू आवरेना. मग लगेच गंभीर होऊन — हात जोडायचं का? फोन कानाला लावू? गॉगल हाय का तुझ्याकडं? नुसती बस म्हटलं, जशी बसतेस तशी.

भोवती तिच्या अंगणातला झेंडू काढला. एकेक फूल, प्रत्येकाची पाकळी निराळी. दिवस कसा गेला कळलं नाही. खाली नाव मोठ्या अक्षरांत — ठमाबाई.

फाइल दुकानात मशीनवर बसणाऱ्या मुदस्सरला पाठवली. चाचाला न सांगता. मुदस्सरचा फोन; मोठ्या बहिणीसारखी म्हणून मला बाजी म्हणतो. "बाजी, खाली निमित्त काय टाकू?"

"निमित्त नाही," मी म्हणाले.

"निमित्त नाही असं कसं? वाढदिवस, निवड, काहीतरी असेल ना?"

नाही म्हणजे नाही! अकरा वर्षांतला माझा पहिला फ्लेक्स, ज्याला निमित्त नाही. फोन ठेवल्यावर मी खोलीत एक गिरकी घेतली.

२१ नोव्हेंबर

लागला! ग्रामपंचायतीत गोमाजी बोलून आले, दोन वासे दिले, स्वतः दोऱ्या आवळल्या. ठमाबाई डोक्यावर पदर घेऊन फाट्यावर आली, खालून वर बघत राहिली. "मोठी झाले गो," म्हणाली.

मीही.

२२ नोव्हेंबर

फाट्याजवळच्या झाडाखाली सकाळभर बसून होते. लोक थांबतात! पोलादपूरच्या जीपवाल्याने गाडी थांबवली, खाली उतरला, चप्पल काढली आणि हात जोडले. चित्राला! मागून मोटारसायकलवरचे दोघे, त्यांनीही. एकाने फोटो काढला. पुढाऱ्यांच्या फ्लेक्सकडे मान वर करून बघत नाहीत हे लोक. मला रडू आलं. श्रुतिकाने यावं आणि बघावं म्हणावं.

२४ नोव्हेंबर

कुठून सुरुवात करू?

दुपारी भाड्याची गाडी धुरळा उडवत ठमाबाईच्या अंगणात शिरली. आतून किशोर, त्याची बायको दर्शना आणि भावकीतले दोघं. दर्शना रडतच उतरली. किशोरच्या हातात हार, पोलादपूरला घेतलेला, पिशवीतून अर्धा बाहेर आलेला. आणि समोर ठमाबाई, हातात सूप, नाचणी पाखडतेय.

ठमाबाईने हाराकडे बघितलं, मग मुलाकडे.

"आलास?" म्हणाली. "पाय धू. भाकऱ्या टाकते."

तो तिथेच खाली बसला, धुळीत. हार अजून हातात.

मग कळलं. फाट्यावरच्या फोटोखाली कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून ग्रुपवर टाकलं. तिथून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून मुंबईला. मोठा फोटो, म्हातारी बाई, भोवती झेंडू, खाली नुसतं नाव. दुसरं काय समजणार माणूस? ठमाबाईकडे फोन नाही, गोमाजींच्या फोनला रेंज नव्हती.

आणि हे मला कळू नये! मला! आठवड्याला दोन-तीन असे फोटो मीच करते. झेंडूची तयार चौकट दुकानात माझ्याच हाताची आहे. निमित्त नाही, निमित्त नाही म्हणून गिरक्या घेत होते, आणि लोक हात जोडत होते मेलेल्या बाईला.

किशोर माझ्या अंगावर आला. मॅडम, परमिशन कोणाची घेतली तुम्ही? जिवंत माणसाचं असं करतात?

ठमाबाई सूप ठेवून उठली. "माझी घेतलीन. तोंड माझा हाय ना? मंग."

तो फ्लेक्स फाडायला निघाला. तिने त्याचा दंड धरला. "तू हाय तवर ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि भाकऱ्या टाकायला आत गेली.

२५ नोव्हेंबर

किशोर राहिला. कामावर फोन करून आई आजारी आहे म्हणून सांगितलं त्याने. ठमाबाईने माझ्यासाठी भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण पाठवलं. लाज वाटायला हवी मला. वाटतेही. आणि तिच्या अंगणातून माणसांचे आवाज येतात तेव्हा लाजेच्या खाली आनंदही आहे, तो काही केल्या जात नाही. पण तेराव्या तारखेचा आनंद तो फक्त माझा होता. तो मी कुणाला देणार नाही, चूक झाली तरी.

२७ नोव्हेंबर

श्रुतिकाचा फोन. तिच्यापर्यंत सगळं पोचलंय, आणि आता तिला फ्लेक्सच हवाय! दहा बाय आठ, समोरच्या भिंतीवर. फक्त एक टिपण लिहून दे म्हणाली — जिवंत माणसाकडे आपण मेल्यावरच बघतो, हे दाखवायला तू हे मुद्दाम केलंस असं.

मुद्दाम नाही केलं म्हटलं. चूक झाली. मला ती बाई काढताना मजा आली, तिचा झेंडू काढताना मजा आली, आणि मजेत भान राहिलं नाही. लावायचं तर हे लिहून लाव. नाहीतर लावू नकोस.

विचार करते म्हणाली. कर बाई, सावकाश कर. माझं चित्र झालंय.

२८ नोव्हेंबर

किशोर गेला. शिमग्याला नक्की येतो म्हणाला. ठमाबाई बरं म्हणाली. फ्लेक्स आता उतरवू का विचारलं, तर म्हणाली, ऱ्हाऊ दे.

चाचाचा फोन — कधी येतेस? रविवारी येते म्हणाले, पण कुणाला गोरं करणार नाही. त्याने फोन आपटला.

२९ नोव्हेंबर

बॅग भरत होते. दारात पाच म्हाताऱ्या. पुढे बनुबाई, नवं लुगडं, केसांना तेल.

"माझा पन काढ गो. पोर सुरतेला हाय माझा."

जीपवाल्याला उद्या नको म्हणून कळवलं. टॅबलेट काढला. मग विचारलं, खाली काय लिहू?

"काय नको लिवू, नुसता नाव," ती म्हणाली. "झेंडू मातर भरपूर घाल."