इवोनेतेची अकरा घरं

फ्रेमिंगहॅम,
३ एप्रिल

प्रिय तैनारा,

परवा फोनवर तू आशीर्वाद मागितलास आणि मी घाईत फोन ठेवला. देव तुझं भलं करो. आजीचा गुडघा कसा आहे? इथे रस्त्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ अजून आहे. मी बरी आहे. पाठ दुखते, पण ती आधीपासूनचीच.

तू विचारलंस, तुझ्या आईची घरं कधी विकणार. सफाईची ही अकरा कामं तिनं आधी ती करणाऱ्या रोझांजेलाकडून पैसे मोजून घेतली होती, तेव्हा ती विकून येईल ते तुझं. इथे परदेशात आपल्याकडच्या बायकांत तसंच चालतं. त्यात तुझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होईल, हेही मला माहीत आहे. तरी मी उत्तर टाळलं. आज लिहिते.

कराचा अर्ज पंधरा तारखेपर्यंत द्यायचा आहे. दरवर्षी ते सगळं तुझी आई बघायची. मंगळवारी मी बेकरीच्या वर दोना जुरेमाकडे गेले. ती आपल्या सगळ्यांचे अर्ज भरून देते. तिच्यासमोर आईचं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर ठेवलं. आईला आडनावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून चौकोनांत 'आंधळा कुत्रा', 'पिवळं दार', 'पियानो' असं लिहिलेलं.

"आंधळा कुत्रा रोख देतो की चेक?"

"चेक. दर शुक्रवारी."

"माझ्या नवऱ्यापेक्षा बरा." मग ती म्हणाली, "घरवाले सरकारला काही कळवत नाहीत, पण म्हणून ती कमाई सोडता येत नाही, मार्लूसे. सगळ्या घरांचं एकत्र करून दाखवायचं. साबण, पेट्रोल वजा."

नंतर तिनं दंतवैद्याच्या दवाखान्याचा कागद उचलला. अकरांपैकी तेवढाच दवाखाना, आणि तेवढेच लोक वर्षभरात काय दिलं ते सरकारला कळवतात. कागद तुझ्या आईच्या, इवोनेतेच्या नावाचा. जानेवारी ते डिसेंबर.

"तुझी बहीण सप्टेंबरात गेली ना?"

"हो."

"मग नोव्हेंबरात फरशी कुणी पुसली?"

"मी."

"आणि चेकच्या मागे सही?"

मी कॅलेंडर गुंडाळू लागले. तिनं उठून दार लावून घेतलं.

तैनारा, सही मी केली. आई करायची तशीच, शेवटचं अक्षर खाली ओढून. सप्टेंबरपासूनचे सगळे चेक. तुला पाठवलेले पैसे त्यातलेच. खातं आम्हा दोघींचं होतं, बँकेत कुणी विचारलं नाही. ती गेली, हे मी एकाही घरी सांगितलं नाही. लोक कामावर गेलेले असतात, किल्ली कुंडीखाली असते आणि टेबलावर चिठ्ठी, 'इवोनेते, आज खिडक्या.' मी खिडक्या पुसते आणि चिठ्ठी खिशात घालते. सांगितलं तर घरं सुटतील, असं मी मनाशी म्हणायचे. खरं म्हणजे त्या चिठ्ठ्या यायच्या थांबल्या असत्या.

आता पत्रपेटी उघडायची भीती वाटते. दारापाशी गाडी थांबली की मी गॅस बंद करते आणि तशीच उभी राहते.

जुरेमा म्हणाली, "सप्टेंबरपर्यंतचं तिच्या नावावर, पुढचं तुझ्या. दवाखान्यातून कागद दुरुस्त करून आण. सह्यांचं वकिलाला विचारू, मी येते बरोबर. पण आधी तोंड उघड, बाई."

"त्यांनी पोलिसांत कळवलं तर?"

"कळवतीलही. खोटा धीर मी देत नाही."

काल दवाखान्यात गेले. तिथल्या कॅथलीनबाईंना सांगितलं, इवोनेते वारली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"पण इवोनेते तूच ना?"

सहा वर्षं आम्ही दोघी तिथे जात होतो. मी म्हटलं, "नाही. मी मार्लूसे. इवोनेते ती उंच, मोठ्यानं हसायची ती." त्यांनी कागद ठेवून घेतला. डॉक्टरांना विचारून कळवते म्हणाल्या. अजून काही कळवलेलं नाही.

उरलेल्या दहा घरांसाठी चिठ्ठ्या लिहून ठेवल्या आहेत. उद्यापासून एकेका टेबलावर ठेवीन. किती जण मला ठेवून घेतील, विकायला काही उरेल का, मला सांगता येत नाही. नुकसान तुझं होणार, म्हणून तुला आधी सांगितलं. रागावलीस तरी लिही. आजीला एवढ्यात सह्यांचं काही बोलू नकोस.

हा तिसरा कागद. आधीच्या दोन्हींवर खाली सही करताना हातून तिचंच नाव लिहिलं गेलं, म्हणून ते फाडले.

तुझी मावशी,
मार्लूसे