ऑर्वलच्या रायफलीचा नवा वेग

१ सप्टेंबर, रविवार
सगळ्यात आधी आत आली ती सून, जोलीन. गाडीचं दार आपटलं, थेट स्वयंपाकघरात शिरली आणि सिंकमधली भांडी बघून नाक मुरडलं. मग मुलगा रॉइस. नात ब्रिटा शेवटी, कारण आधी कुत्र्याला मिठ्या मारणं झालं. बारा वर्षांची घोडी झाली! मोंटानात बारावं लागलं की पोरं शिकारीला मोकळी. यंदा तिची पहिली.

मी ॲपल पाय केली होती. एकेक घास खाल्ला आणि सगळे पाण्याकडे धावले. जोलीन म्हणते, आई, साखरेच्या जागी मीठ घातलंत. हल्ली दुकानवाले दोन्हीला एकसारख्या पिशव्या करतात, त्याला मी काय करू!

ॲपल पाय बाजूला सरली तसा रॉइसने गेल्या वर्षीच्या एल्कचा विषय काढला. एवढा सांबरापेक्षा मोठा नर, माझी गोळी पोटात लागली आणि जंगलात पळाला. दोन दिवस बर्फावरचं रक्त शोधत हिंडलो. मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी लांबवर कावळे घिरट्या घालत होते, तिकडे जायचा धीर मला झाला नाही. रॉइस म्हणाला, आई, आता पुरे. बाबांची रायफल यंदापासून ब्रिटाची. तू तंबूत बस, कॉफी कर.

मी म्हटलं, चूक माझी नाही, गोळीची. रमतगमत जाते. पोचेपर्यंत जनावर पाऊल टाकतं, छातीचं पोटावर येतं.

तो म्हणाला, चाळीस वर्षं बाबांना पुरली ती गोळी.

म्हटलं, तेव्हाचे एल्कही आळशी होते. ब्रिटा खुदकन हसली.

शेवटी असं ठरलं. हंगामाच्या आदल्या दिवशी दोनशे पावलांवर लोखंडी थाळी टांगायची. मला तीन गोळ्या. एक जरी वाजली तरी मी डोंगरावर जाणार. नाही वाजली तर रायफल ब्रिटाची आणि मी कॉफीवाली. पंचवीस ऑक्टोबरला येतो म्हणाले.

४ सप्टेंबर
लाइलकडे गेले. घरामागच्या शेडमध्ये लेथ टाकून बंदुका दुरुस्त करतो, माझ्या नवऱ्याचा, ऑर्वलचा जुना दोस्त. वाटेत कुंपणापाशी शेजारची हेझल उभी होती. हात केला, बोलली नाही. शिष्ट मेली.

लाइलला म्हटलं, मला वेग पाहिजे. तो म्हणाला, मार्लिस, या वयात? वात्रट कुठला.

मग त्याने समजावलं. नळीच्या मागच्या तोंडाशी काडतूस बसतं ती खोबण कोरून मोठी करायची. काडतुसाचा मानेखालचा खांदा उतरता असतो, तो ताठ करायचा. दारू जास्त मावते, गोळी जोरात सुटते. हे काडतूस कुठल्याच दुकानात मिळत नाही, कुठल्याच कंपनीचं नाही. ज्याचं त्याने घरी करायचं. मी ऐकूनच खूश! जगात कोणाकडे नाही ते माझ्याकडे.

लाइल म्हणाला, थोडाच फरक पडतो, एल्कला कळणारसुद्धा नाही. शिवाय कोरलेलं लोखंड परत भरून येत नाही, रॉइसला विचारलंस? म्हटलं, रायफल माझ्या नवऱ्याची, रॉइसच्या नाही.

१३ सप्टेंबर
रायफल मिळाली. बाहेरून होती तशीच. मी मात्र वीस वर्षांनी लहान झाले.

आता नव्या मापाच्या पितळी पुंगळ्या पाहिजेत. त्याची रीत गमतीची आहे. जुनं काडतूस नव्या खोबणीत घालून उडवायचं. आतल्या जोराने पितळ फुगतं आणि नव्या मापाचं होऊन बाहेर येतं. पाव फुगावा तसं. मग लाइल त्यात नवी दारू, नवी गोळी भरणार. जुनी काडतुसं आण म्हणाला.

आणायला कशाला जायचं? मुरंब्याच्या बरण्यांमागे खोक्यात ऑर्वलच्या हातची वीस आहेत. जायच्या आधीच्या हिवाळ्यात भरलेली. हात थरथरायचे, तरी तीन दिवस टेबलाशी बसून होता. मी सूप नेऊन ठेवायची, ते गार व्हायचं. झाकणावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. दारूचं वजन असणार, तो नेहमी लिहायचा. वाचत बसले नाही. हल्ली बल्बच असे मिणमिणते करतात.

१५ सप्टेंबर
लाइल विचारतो, मार्लिस, ऑर्वलच्या हातची उडवायची? नक्की ना?

म्हटलं, काडतूस उडवायला नाही तर काय, फडताळात पुजायला?

खिडकीत एक पुंगळी ठेवलेली आहे म्हणा. पण तिची गोष्ट वेगळी. रॉइसच्या पहिल्या एल्कची आहे ती. काडतूस ऑर्वलच्या वडिलांनी भरलेलं. या घरात पहिली शिकार थोरल्यांच्या हातच्या काडतुसानेच करतात. दर रविवारी पुसते मी ती.

लाइलच्या शेडमागे मातीचा बांध आहे. मध्ये त्याने रंगाचा लाल डबा ठेवला होता, गंमत म्हणून. वीसच्या वीस उडवली. खांदा काळानिळा झाला. डब्याला एकही लागली नाही, पण लाइलच म्हणाला होता ना, या गोळ्या फक्त पितळासाठी. मग कुठे गेल्या ते कशाला बघायचं? पुंगळ्या बघा! ताठ खांद्यांच्या, पलटणीतल्या शिपायांसारख्या.

लाइल डब्याकडे बघत राहिला. म्हणाला, डोळे दाखवून घे एकदा. म्हटलं, तू आधी तुझे कान दाखव.

६ ऑक्टोबर
नव्या काडतुसांचा सराव करायचा होता. वारा होता, राहिलं.

१२ ऑक्टोबर
आजही राहिलं. वाया कशाला घालवायची? वेग आहे ना. नेम जरासा चुकला तर वेग सांभाळून घेतो.

स्वप्नात ते कावळे आले होते. लिहिणार नव्हते, पण आले होते.

१९ ऑक्टोबर
हेझल अजून कुंपणापाशी तशीच. जवळ जाऊन चार शब्द सुनवायचे म्हणून गेले. खांब होता. नवीन दिसतोय.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
आले. थाळी टांगायच्या आधीच ब्रिटा म्हणाली, आजी, आजोबांची काडतुसं कुठायत?

मी ऐटीत खोका टेबलावर ठेवला. रॉइसने एक काडतूस उचललं, बोटांत फिरवलं. विचारलं, हे काय? मग मी सगळं सांगितलं, खोबण, खांदे, वेग, हातवारे करून करून. जोलीन भांडी घासायची थांबली. नळ तसाच चालू.

रॉइस म्हणाला, आणि जुनी?

म्हटलं, हीच की. उडवून फुगवली.

वीसच्या वीस?

वीसच्या वीस. वाया एक नाही घालवलं.

त्याने झाकण माझ्या पुढे धरलं. आई, काय लिहिलंय वाच.

म्हटलं, बावन्न ग्रेन. दारूचं वजन.

आई, वाच.

म्हटलं, वाचलं ना. बावन्न. उजेड कमी आहे.

दुपारचे बारा वाजले होते. ब्रिटाने झाकण त्याच्या हातातून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. ब्रिटाच्या पहिल्या एल्कसाठी. आजोबा.

ऑर्वल गेला तेव्हा पोर सहा वर्षांची होती.

थाळी टांगली नाही. कोणी टांग म्हटलंही नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार
काल रॉइसने ब्रिटाला विचारलं, माझी रायफल घेऊन जाऊ या का? ती नको म्हणाली. हंगाम उघडला आणि या घरातून डोंगरावर कोणी गेलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

मी तिला म्हटलं, नवीन काडतुसं जास्त जोरात जातात गं. ती म्हणाली, माहितीय आजी. आणि खिडकीतली पुंगळी हातात घेऊन बसली.

बल्ब बदलला. नवा आहे. उजेड तेवढाच.

रॉइसने मला अंगणात उभं केलं, शेडकडे बोट दाखवून विचारलं, दारावर काय टांगलंय? म्हटलं, दोर. घोड्याचा लगाम होता. मग त्याने पुढे काही विचारलं नाही. गेल्या वर्षीच्या एल्कचंही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला तो नीट दिसलाच नव्हता. तपकिरी काहीतरी हललं आणि मी चाप ओढला. हे इथेच लिहिते.

निघताना जोलीनने माझा गाल कुरवाळला. ब्रिटाने कुत्र्याला मिठी मारली. रायफल मी स्वतःच गाडीत ठेवली. कोणी नको म्हणालं नाही. झाकण ब्रिटाने खिशात घातलं.

रॉइस काच खाली करून म्हणाला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला येतो, सकाळी आठला तयार राहा. ब्रिटा येणार का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

तारीख इथे लिहून ठेवते. चौदा नोव्हेंबर, गुरुवार.