दिवा शाखेतील जादा प्रोसेसर

दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
खाडीकाठ विद्याप्रसारक संस्था,
मुख्य कार्यालय, टेंभी नाका, ठाणे.

विषय : शाखेच्या लॅपटॉपचे सील शुक्रवारी दुपारपर्यंत काढून मिळणेबाबत.
संदर्भ : भांडार विभागाची दोन पत्रे व माझे चार फोन (एकही उचललेला नाही).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, आमच्या शाखेस २०१२ साली मिळालेला एकमेव लॅपटॉप प्रार्थनेआधी सुरू केल्यास मधल्या सुट्टीपर्यंत उघडत असे. नव्या लॅपटॉपची मागणी मी सहा वेळा केली. सहाही वेळा "विचाराधीन" असे उत्तर आले. एवढा विचार माझ्या लग्नाच्या वेळीही कोणी केला नव्हता.

१. सप्टेंबरमध्ये आमचा माजी विद्यार्थी प्रितम, ज्याचे डोंबिवलीत लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे, याने तो उघडून पाहिला. "बाई, जुना हाय म्हनून बरा हाय. नव्यांमदी प्रोसेसर चिकटवूनच टाकतात, यातला निघतो," असे तो म्हणाला. त्याने त्याच जातीचा पण जास्त वेगाचा, वापरलेला प्रोसेसर बसवला, तो तापू नये म्हणून नवी पेस्ट लावली आणि पंख्यातली तेरा वर्षांची धूळ काढली. खर्च मी केला. लॅपटॉप हजेरी संपेपर्यंत सुरू होऊ लागला. एवढाच माझा गुन्हा.

२. संस्थेची टाचणीही फेकू नये हे ठाऊक असल्याने, काड्यापेटीहून लहान असलेला जुना प्रोसेसर मी जपून ठेवला. दसऱ्याला आमच्या सेविका हौसाबाई यांनी लॅपटॉपसोबत त्याचीही पूजा केली. "तेरा वरसं राबलंय बिचारं," हे त्यांचे कारण मला पटले.

३. ऑक्टोबरअखेर भांडारपाल श्री. मारुती घाग मोजणीस आले. जडवस्तू नोंदवहीत "लॅपटॉप, नग १" अशी नोंद आहे. त्यांनी मोजले : लॅपटॉप एक, झेंडूसह प्रोसेसर एक, एकूण नग दोन. आपल्या संस्थेत वस्तू कमी भरतात तेव्हा खुलासे चहा संपायच्या आत मंजूर होतात. वस्तू वाढल्याचे हे पहिलेच प्रकरण असल्याने घागसाहेबांना घाम फुटला.

पहिल्या पत्रात, ही वाढ कशी झाली व मूळ वस्तूवर कुंकवाचे डाग का, याचा खुलासा मागितला आहे. दुसऱ्या पत्रान्वये, लॅपटॉपच्या पोटात खाजगी मालमत्ता आढळल्यामुळे तो कपाटात ठेवून कपाटाला लाखेचे सील ठोकले. खुलासा संस्थेच्या पोर्टलवर द्यायचा आहे. पोर्टल शाखेच्या नोंदणीकृत लॅपटॉपखेरीज कशावरही उघडत नाही. तो लॅपटॉप कोठे आहे, हे आपणास ठाऊक आहेच.

४. जुना प्रोसेसर परत बसवायला मी तयार आहे. त्यासाठी सील काढण्याची परवानगी लागते. नवा प्रोसेसर संस्थेस दान करायलाही तयार आहे. त्यासाठी दानपत्र लागते. दोन्ही अर्ज पोर्टलवर आहेत. म्हणून हा कागद हाताने लिहिला आहे. कागद अजून कोणी सील केलेला नाही.

५. आता गंमत पुरे. आठवीच्या एकतीस मुलांचे संस्थेच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज त्याच लॅपटॉपवरून शुक्रवारी, १४ तारखेला, सायंकाळी पाचपर्यंत भरायचे आहेत. मुदत चुकली तर त्यांची परीक्षा गेली. यांतली ऋतिका केणे सकाळी टँकरच्या रांगेत हंडा लावते आणि रांगेतच गणिते सोडवते. रोज मधल्या सुट्टीत ती कपाटाशी येऊन उभी राहते. काल तिने सील उचकटायला कर्कटक आणले. मी ते काढून घेतले, तिला रागावले, आणि नंतर मला माझीच लाज वाटली.

तरी विनंती की, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आपण कोणालाही पाठवावे. अर्ज भरून झाल्यावर खुशाल दोन सीले ठोकावीत. कोणी न आल्यास सील मी फोडेन. कर्कटक ऋतिकाचे असले तरी हात माझा असेल, याची नोंद आताच घ्यावी.

आपली, अद्याप नम्र,

(सही)
संचिता म्हात्रे
सहशिक्षिका व संगणक कक्ष प्रमुख (कक्ष म्हणजे तेच कपाट), दिवा शाखा

सोबत :
१) जुना प्रोसेसर, नग १ (कुंकू पुसलेले नाही).
२) एकतीस मुलांची यादी.
३) सीलचे तुकडे मागाहून पाठवीन, नग आपणच मोजावेत.